निबंधात वडील किती, मी किती?

या महिन्यात एमबीएच्या अर्जासोबत द्यायच्या निबंधाविषयीचीच पत्रं जास्त आली. साहजिक आहे. परदेशातल्या बऱ्याच बिझनेस स्कूलच्या पहिल्या फेरीची मुदत सप्टेंबरात होऊन गेली, दुसरीची जानेवारीच्या सुरुवातीला असते, आणि आपली मुलं दिवाळीचा फराळ संपल्याशिवाय लिहायला बसत नाहीत. पत्रं छाटून घेतली आहेत, नावं काढली आहेत. काहींनी मसुदे जोडले होते. ते छापणार नाही, काळजी नसावी.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी इचलकरंजीचा. टेक्स्टाइलमध्ये बी.टेक. केलं, तीन वर्षं सूतगिरणीत नोकरी केली, आता दोन वर्षं घरचे माग बघतोय. आमचे २४ साधे माग आहेत, सगळे खर्चीवर. हैदराबादच्या आयएसबीला (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) अर्ज करायचाय. ४०० शब्दांचा निबंध लिहिलाय, सोबत जोडतोय. वडिलांनी चार मागांपासून सुरुवात करून कसं उभं केलं ते त्यात आहे. मित्रांना वाचून दाखवला तर एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी मला काहीतरी खटकतंय. माझं स्वतःचं म्हणाल तर सांगण्यासारखं विशेष नाही. बीमची एक वही ठेवायला लागलोय, त्यामुळं माग उभे राहायचं कमी झालंय, पण ती गावातलीच गोष्ट. वडिलांचं ठेवू का काढू?

उत्तर : तुझा निबंध दोनदा वाचला. वडील मला फार आवडले. प्रवेश त्यांना द्यायचा असता तर मी आजच शिफारसपत्र पाठवलं असतं.

४०० शब्दांपैकी तीनशेच्या वर शब्द त्यांचे आहेत. चार माग, आईच्या पाटल्या, २०१९ च्या पुरात शेडमध्ये शिरलेलं पंचगंगेचं पाणी, पुन्हा उभारी. तू पहिल्यांदा दिसतोस तो शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, ‘त्यांच्याकडून मी जिद्द आणि चिकाटी शिकलो’ या वाक्यात. तिथंच तुला खटकलं असणार, आणि बरोबर खटकलं.

मी काही वर्षं एका संस्थेसाठी असे अर्ज वाचले आहेत. आपल्याकडून येणाऱ्या अर्जांत कष्टाळू वडील आणि सोसणारी आई इतक्या वेळा भेटतात की वाचणाऱ्याला त्यांच्याविषयी आदर वाटतो आणि अर्जदाराविषयी काहीच कळत नाही. कष्ट वडिलांनी केले, त्याचे गुण तुला कसे द्यायचे? पूर आला, मंदी आली, जीएसटी आला, या तुमच्यावर आलेल्या गोष्टी. वाचणारा शोधत असतो ती तू केलेली गोष्ट. जिथं दोन वाटा समोर होत्या, तू एक धरलीस, त्यासाठी कुणाला तरी नाराज केलंस, आणि पुढं काय झालं ते बघितलंस. मग ती गोष्ट २४ मागांची असो नाहीतर मोठ्या बँकेतली असो. बँकेत नोकरी करणाऱ्यांकडं बऱ्याचदा ती नसते, कारण त्यांचे निर्णय वरून आलेले असतात.

तुझ्याकडं आहे. वहीबद्दल मी मेल करून विचारलं आणि तू अडीच पानं लिहून पाठवलीस. त्या पानांत एकही मोठा शब्द नाही आणि ती निबंधापेक्षा कितीतरी सरस आहेत. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. खर्चीवर म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, विणायचं आपण, आणि मजुरी पिकावर, म्हणजे कापडाच्या इंचात आडवे धागे किती त्यावर. माग उभा राहिला की मजुरी बंद, विजेचं बिल आणि शेडचा खर्च चालूच. ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, बीम (धागे गुंडाळलेला रूळ) संपला की नव्या बीमचे धागे मागावर घ्यायला वहिफणी कामगार लागतो. तो एकाच शेडला बांधलेला नसतो, दहा ठिकाणी फिरत असतो. तुमच्याकडं बीम एकाच वेळी चढवले जायचे, म्हणून संपायचेही जवळपास एकाच वेळी. मग एका वेळी तीन-चार धडधाकट माग नुसते त्या माणसाची वाट बघत उभे.

तू काय केलंस? प्रत्येक बीमवर किती मीटर ताणा आहे आणि तो माग दिवसाला किती मीटर काढतो हे वहीत लिहायला लागलास. त्यावरून कुठला बीम कधी संपणार ते आधी कळायला लागलं. मग बीम मागंपुढं चढवलेस. इथपर्यंत कुणीही हिशेबी माणूस पोचला असता. पण पुढं तू ती वही घेऊन शेजारच्या शेडवाल्यांकडं गेलास, की आपण सगळे मिळून या माणसाचे वार ठरवून घेऊ. बऱ्याच जणांनी चहा पाजून वाटेला लावलं. दोघं तयार झाले. वहिफणीवाल्याला तुम्ही तिघांनी मिळून, ज्या दिवशी बीम नसेल त्या दिवसाचेही काही पैसे कबूल केलेत. आणि घरी वडील भडकले. ‘आपला माग दिवसाला किती कापड काढतो ते शेजाऱ्याला कशाला कळायला पाहिजे?’

पोरा, हा निबंध आहे. तू ज्याला गावातली गोष्ट म्हणतोस तिच्यात उत्पादनाचं नियोजन आहे, स्पर्धकांशी केलेला करार आहे, कामगाराचं हित आहे, आणि घरात पत्करलेला विरोध आहे. यातली एकही गोष्ट तुला वेगळं नाव देऊन सांगायची गरज नाही. ‘सप्लाय चेन ऑप्टिमायझेशन’ असं लिहिलंस तर मी ओळख देणार नाही.

लिहून मी देणार नाही, पण सुरुवात कशी होऊ शकते ते दाखवते. ‘सोमवारी सकाळी आमच्या शेडमधले चार माग बंद होते आणि चारीही मागांना काही झालेलं नव्हतं.’ ज्यानं जन्मात धोटा बघितलेला नाही तोही पुढचं वाक्य वाचेल, कारण त्याला कारण हवंय. कारण दोन-तीन वाक्यांत सांग. वहिफणी म्हणजे काय हे एकाच वाक्यात उरक. तुला यंत्रमागाचं पाठ्यपुस्तक लिहायचं नाही. मग शेजाऱ्यांकडं गेलास ते, आणि वडिलांशी झालेला वाद. तो वाद खरा लिही. त्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. त्यांनी पस्तीस वर्षं व्यापाऱ्यांशी भाव केलाय, आपली माहिती बाहेर गेली की भाव पडतो हे त्यांना अनुभवानं ठाऊक आहे. त्यांची बाजू नीट मांडलीस तर तुझा निर्णय जास्त उठून दिसेल. म्हणजे वडील निबंधात राहू देत, पण हार घातलेल्या फोटोसारखे नकोत; तुझ्याशी भांडणारे असू देत.

उरतात साधारण शंभर शब्द. त्यात पुढचं. ‘जागतिक दर्जाचा उद्योजक व्हायचंय’ हे काढून टाक. वहीनं जे जमणार नाही ते लिही. मेलमध्ये तू म्हणालास की खर्ची सोडून स्वतःचं सूत घेऊन कापड विकायचं डोक्यात आहे, पण सुताचा भाव पडला तर गोदामातला माल आपल्याला खाईल याची भीती वाटते. हीच भीती निबंधात घाल. भांडवल किती अडकवायचं, भाव कसा ठरवायचा, जोखीम किती उचलायची, हे शिकायला तू निघालास असं त्यातून आपोआप दिसतं. ‘मला नेतृत्वगुण विकसित करायचे आहेत’ हे वाक्य लागतच नाही.

एक गोष्ट मात्र लिहायला बसण्याआधी ठरव. घरचा धंदा सांभाळणाऱ्यांसाठी मुंबईच्या एसपीजेआयएमआरमध्ये आणि खुद्द आयएसबीमध्येही वेगळे अभ्यासक्रम आहेत. नेहमीचा एक वर्षाचा अभ्यासक्रमच का, हे मुलाखतीत विचारतील. दोन्हींच्या विषयांची यादी समोर ठेव आणि वडिलांशी बोल. भडकले तर भडकू देत, त्यांना आता सवय झाली असेल.

प्रश्न : महोदया, मी डोंबिवलीत राहतो, बँकेतून निवृत्त झालो आहे. मुलगा बंगळुरूला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, वय २७. अमेरिकेतल्या पाच शाळांना अर्ज करतो आहे. एक सल्लागार पाच अर्जांचे तीन लाख रुपये मागतात. त्यांचं म्हणणं, मुलानं फक्त बायोडेटा द्यावा, एक उत्तम निबंध ते तयार करतील आणि पाचही ठिकाणी थोड्या फरकानं चालेल. मुलगा ठाम नकार देतो. पैशाची अडचण नाही, पण त्याच्या हट्टापायी संधी जाऊ नये. त्याचा मसुदा मी वाचला. फारच साधा वाटला. आमच्या घराण्याचा, आजोबांच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या सहभागाचा काहीच उल्लेख नाही. मी काय करावं?

उत्तर : तुमचा मुलगा शहाणा आहे. त्याचं ऐका.

आधी त्या ‘एक निबंध, पाच ठिकाणी’चं बघू. स्टॅनफर्डचा पहिला प्रश्न अनेक वर्षं तोच आहे : तुमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं काय, आणि का? हार्वर्डनं २०२४ मध्ये आपला मोकळा मोठा प्रश्न काढून तीन छोटे केले, एक ३०० शब्दांचा आणि दोन २५०-२५० शब्दांचे. एक व्यवसायाच्या वाटेबद्दल, एक माणसं सांभाळण्याबद्दल, एक कुतूहलाबद्दल. एमआयटीच्या स्लोनला निबंध नकोच, ३०० शब्दांचं अर्जाचं पत्र हवं आणि सोबत एक मिनिटाचा व्हिडिओ. आता स्टॅनफर्डचं उत्तर थोड्या फरकानं एमआयटीला कसं चिकटवणार? जो गृहस्थ हे जमेल म्हणतो त्यानं या शाळांचे अर्ज अलीकडं उघडलेले नसावेत.

दुसरं. २०१२ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या यूसीएलए अँडरसननं उचलेगिरीवरून ५० च्या आसपास अर्ज नाकारल्याची बातमी अमेरिकेत गाजली होती. निबंधांतला मजकूर इतरत्र छापलेल्या मजकुराशी ताडून बघणारं सॉफ्टवेअर त्यांनी लावलं होतं. विकतचे निबंध लिहिणारा माणूस डझनभर मुलांसाठी लिहितो आणि त्याचं ठरलेलं वाक्य सगळीकडं जातं. शिवाय अर्जाच्या शेवटी, हे सगळं माझं स्वतःचं आहे असं मुलाला लिहून द्यावं लागतं. तुम्ही बँकेत होतात. सहीचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको.

सल्ला घेणं मात्र वाईट नाही. मसुदा वाचून ‘इथं मला कळलं नाही’, ‘हे तू केलंस की टीमनं केलं?’ असं विचारणारा माणूस मिळाला तर त्याला तासाचे पैसे द्यायला हरकत नाही. मुलाच्या कंपनीतली, आधी एमबीए करून आलेली एखादी ताई हे काम चहावर करेल. तीन लाख राहू देत. मोठ्या अमेरिकन शाळांची नुसती अर्जाची फीच प्रत्येकी अडीचशे डॉलरच्या आसपास पडते, पाच शाळांचा हिशेब तुम्हीच करा.

आजोबांविषयी. ते स्वातंत्र्यलढ्यात होते हा तुमच्या घराचा अभिमान आहे आणि तो घरात शोभतो. मुलानं स्वतः त्यांची जुनी कागदपत्रं लावून काढली, त्यांच्यावर काही लिहिलं, त्यांच्यामुळं एखादी नोकरी सोडली, असं असेल तर ते येईल. नसेल तर वाचणारा आजोबांना नमस्कार करून पुढचा अर्ज उचलेल.

आणि मसुदा साधा वाटला ना? मग तो बरा असण्याची शक्यता आहे. तुम्हाला मदत करायचीच असेल तर एक करा. त्याला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. जिथं तो स्वतःच अडखळेल तिथं तो स्वतःच दुरुस्त करेल. हे न बोलण्याचं काम वडिलांना अवघड जातं, म्हणून आधीच सांगितलं.

प्रश्न : ताई, मी लातूरची. इंजिनीअरिंगनंतर पुण्यात राहून चार वर्षं राज्यसेवेचा अभ्यास केला. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचले, मुलाखतीची पायरी कधीच आली नाही. २०२३ मध्ये सोडलं. तेव्हापासून लातूरला एका मायक्रोफायनान्स कंपनीत आहे, आता शाखा सांभाळते. एमबीएला अर्ज करायचाय. मैत्रीण म्हणते त्या चार वर्षांत क्लास चालवत होते असं दाखव, नाहीतर गॅप बघूनच बाजूला टाकतील. घरी तर अजून शेजाऱ्यांना सांगतात की अभ्यास चालू आहे. मुख्य परीक्षेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीविरुद्धच्या आंदोलनात मी पुण्यात होते, ते लिहू का?

उत्तर : मैत्रिणीला सांग, क्लास काढणं सोपं असतं, बंद करणं अवघड. मुलं किती होती? फी किती होती? जागा कुणाची, भाडं किती, पावती आहे? मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला तू घसरशील. शिवाय बऱ्याच परदेशी शाळा प्रवेश पक्का करण्याआधी नोकरी-शिक्षणाची पडताळणी बाहेरच्या संस्थेकडून करून घेतात, आणि खोटं निघालं तर दिलेला प्रवेशही काढून घेतात. चार खरी वर्षं लपवायला चार खोटी कशाला उभी करायची?

आणि लपवण्यासारखं त्यात आहे तरी काय? राज्यसेवेची थोरली बहीण म्हणजे यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा; तिच्यात २०२३ ला शेवटी १०१६ जणांची शिफारस झाली. परीक्षा देणारे लाखांत होते. अशा परीक्षांचं हे गणित मुलाखत घेणाऱ्या भारतीय माणसाला पाठ असतं, कधी त्याचा स्वतःचा भाऊच त्यातून गेलेला असतो. परदेशी माणसाला एका वाक्यात समजावता येतं.

जागा कुठली, ते महत्त्वाचं. बहुतेक अर्जांत निबंधांशिवाय ‘आणखी काही सांगायचं असल्यास’ असा एक ऐच्छिक रकाना असतो. तो याच कामासाठी आहे. तिथं मोजकी, कोरडी वाक्यं : अमुक साली ते अमुक साली पूर्णवेळ राज्यसेवेची तयारी केली, दोनदा मुख्य परीक्षा दिली, निवड झाली नाही, २०२३ मध्ये अमुक कारणानं थांबले आणि अमुक महिन्यात नोकरी धरली. बस. ‘या प्रवासानं मला खूप काही शिकवलं’ हे नको. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेची घुसमट, मेसची पातळ आमटी, हे तुझ्या आठवणींत राहू दे; तिथल्या प्रत्येकाकडं ते आहे. थांबण्याचं कारण मात्र खरं दे. वय, पैसे, कंटाळा, काहीही असो. ‘थांबायचं मी ठरवलं’ हे वाक्य त्या रकान्यातलं सगळ्यात वजनदार वाक्य आहे, कारण आपल्याकडं ते ठरवायला घरचेही परवानगी देत नाहीत. शेजाऱ्यांना अजून जे सांगितलं जातंय त्यावरून तुला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आंदोलन. २०२३ च्या सुरुवातीला मुलं रस्त्यावर बसली आणि आयोगानं नवी पद्धत २०२५ पर्यंत पुढं ढकलली, ही मोठी गोष्ट होती. पण तू तिथं काय केलंस? निवेदन लिहिलंस, आयोगाशी बोलायला गेलीस, गावाकडून आलेल्या मुलींच्या रात्रीच्या राहण्याची सोय केलीस, तर लिही. गर्दीत बसली होतीस तर सोड.

आता मुख्य निबंध. तो मायक्रोफायनान्सवर लिही, आणि त्यासाठी मी तुला काही विचारते, उत्तरं कागदावर काढ. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानं घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. तुझ्या शाखेत हे उत्पन्न कोण ठरवतं, कसं? सोयाबीनच्या पैशावर जगणाऱ्या घराचं ‘महिन्याचं’ उत्पन्न म्हणजे काय धरता? टार्गेट अपुरं असताना एखाद्या बाईला तू कर्ज नाकारलंस का? गटातल्या बाकीच्या बायका तेव्हा काय म्हणाल्या? ती दुसऱ्या कंपनीकडं गेली का? हप्ता थकलेल्या घरी तू स्वतः गेलीस तेव्हा दारात उभी राहिलीस की आत बसलीस?

यातल्या एका प्रश्नाचं उत्तर लिहिताना तुझा हात थांबेल. तो प्रसंग घे. ‘महिला सक्षमीकरण’ हा शब्द निबंधात एकदाही येऊ देऊ नकोस; वसुलीच्या बैठकीला बसलेली माणसं तो वापरत नाहीत हे तुलाही माहीत आहे.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम, गाव चिपळूणजवळ. इंग्रजी बरं आहे पण वाक्यं साधी पडतात. निबंध चॅटजीपीटीकडून भारदस्त करून घेतला तर चालेल का? आणि आयआयएमलाही हाच निबंध लागतो का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. आयआयएमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कॅट द्यावी लागते; त्यानंतर बऱ्याच ठिकाणी समोर बसवून दिलेल्या विषयावर थोडक्यात लिहायला लावतात, आणि मुलाखत. घरून निबंध पाठवायचा नसतो. सीईटीतून जमनालाल बजाजला जायचं असेल तर तिथंही नाही. अनुभवी लोकांसाठीच्या अभ्यासक्रमांना आणि परदेशी शाळांना मात्र लागतो. म्हणजे आधी कुठं जायचं ते ठरव, नाहीतर नसलेल्या निबंधाची काळजी करत बसशील.

भारदस्त करून घेऊ नकोस. एआयबद्दल प्रत्येक शाळेचा नियम वेगळा आहे, अर्जातल्या सूचना वाच. पण नियम बाजूला ठेवला तरी, साध्या इंग्रजीनं कुणाचा प्रवेश अडल्याचं मी बघितलेलं नाही. दुसऱ्याच माणसाच्या इंग्रजीनं अडल्याचं बघितलंय. निबंधात एक इंग्रजी आणि मुलाखतीत दुसरं, हे पाच मिनिटांत कळतं. केलॉगसारख्या शाळा तर व्हिडिओवरही उत्तरं मागतात. प्रश्न ऐनवेळी पडद्यावर येतो आणि कॅमेरा चालू होतो. तिथं तुझीच वाक्यं बाहेर पडणार. ती निबंधातल्या वाक्यांची सख्खी भावंडं वाटली पाहिजेत.

एक करून बघ. जे सांगायचंय ते फोनवर रेकॉर्ड कर, मराठीत, मोठ्या बहिणीला सांगतोस तसं. ऐकून मुद्दे काढ, रेकॉर्डिंग बंद कर आणि इंग्रजीत नव्यानं लिही. भाषांतर करू नकोस. स्पेलिंग आणि व्याकरण कुणाकडूनही तपासून घे, त्यात कमीपणा नाही. ‘पॅशनेट’ आणि ‘डायनॅमिक’ दिसले की खोडून टाक.

प्रश्न : मी म्हापशाची, कळंगुटच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिस सांभाळते, वय ३२. इन्सीडला अर्ज करतेय. त्यांनी स्वतःच्या उणिवाही लिहायला सांगितल्यात. ‘मी अति परफेक्शनिस्ट आहे’ असं लिहिलं तर? नवरा म्हणतो, तुला कुणाला नाही म्हणता येत नाही ते लिही. गेल्या गणेशचवथीला मागेल त्याला रजा देऊन टाकली आणि पाच दिवस मीच डेस्कवर उभी होते. पण हे लिहिलं तर मॅनेजर म्हणून कच्ची दिसेन ना?

उत्तर : परफेक्शनिस्ट ही उणीव नव्हे, ते स्वतःचंच कौतुक आहे, आणि ते वाक्य वाचून वाचून इन्सीडच्या फ्रान्समधल्या फॉन्तेनब्लोपासून सिंगापूरपर्यंतच्या केंद्रांत सगळे कंटाळलेले असणार. नवऱ्याचं ऐका.

फक्त ते पाच दिवस त्याग म्हणून लिहू नका. तुमचे पाय दुखले ते तुमचं तुमच्यापाशी. त्या दिवसांत काय बिघडलं ते लिहा. चेक-इनला पाहुणे किती ताटकळले? ज्यानं रजा मागितली नाही आणि मुकाट कामावर आला, तो तुमच्याबद्दल काय म्हणाला? उणिवेची किंमत दुसऱ्यानं कशी मोजली हे लिहिणारा माणूस कच्चा दिसत नाही. मग पुढं तुम्ही काय बदललं ते दोन ओळींत. पत्रात त्याविषयी काहीच नाही, म्हणजे अजून बदललेलं नसावं. नाताळ आणि एकतीस डिसेंबर समोर आहेत, रजेचे अर्ज यायला लागले असतील. यादी आत्ताच लावा, निकष सगळ्यांना आधी सांगा, निदान दोघांना नाही म्हणा. अर्ज त्यानंतरच्या फेरीत पाठवला तरी चालेल.